दोन वाक्यांमधली जागा

१

त्या सकाळी श्वास चुकीच्या जागी पडला होता.

धाकटीला श्वास ओळखता यायचे. रोज सकाळी चहाचा कप बाजूला सरकवून ती ताईचे श्वासच वेचायची, तांदूळ निवडताना खडे वेचावेत तसे. ताईने पाठवलेली क्लिप उघडायची. पडद्यावर आवाजाची रेघ डोंगरासारखी चढते-उतरते, तिच्यात दोन डोंगरांच्या मधे बारीक लव दिसते, ती कापून टाकायची. ती लव म्हणजे श्वास. ऐकणाऱ्यांना थांबलेलं खपत नाही. आवाज जरा रेंगाळला की त्यांचा अंगठा पुढे सरकतो. म्हणून श्वास काढायचा, मधली रिकामी जागा काढायची, वाक्याला वाक्य भिडवायचं, मागे हलकं संगीत, वर पाण्याचं नाहीतर पानांचं चित्र, आणि मग ते दोघींच्या पेजवर टाकायचं.

"मी शांत आहे. मी सुरक्षित आहे. आजचा दिवस माझा आहे."

ताईचा आवाज होताच तसा, तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तसा. पण त्या सकाळी 'सुरक्षित' या शब्दाच्या ऐन मध्यावर कुणीतरी श्वास आत ओढला. शब्द चालूच होता. शब्दाच्या खालून श्वास गेला.

धाकटीने पुन्हा ऐकलं. मग स्वतःच म्हणून बघितलं, "सुरक्षित." बोलता बोलता श्वास आत घ्यायचा प्रयत्न केला, तर घशात उचकी आली. बोलताना श्वास बाहेर जातो, आत कसा येईल? तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

"कुणाशी बोलतेयस?"

ती खुर्चीतून उडालीच. दारात बाबा उभे होते, हातात चष्मा.

"बाबा! खोकून तरी यायचं."

"आपल्याच घरात खोकून यायचं? भित्री भागूबाई कुठली." ते हसले. "टाकलीस का आजची? चहा थांबलाय माझा."

श्वास शब्दाच्या आत होता; तो कापायचा तर शब्दही गेला असता. मग तिने संगीत थोडं मोठं केलं आणि क्लिप पेजवर टाकून दिली.

२

हे सगळं आईच्या खाटेपाशी सुरू झालं होतं. आजारपणात आईचा आवाज गेला, तेव्हा ताई तिच्या उशाशी वाकून बसायची आणि कानात सांगायची, "मी बरी होतेय. म्हण." आणि थांबायची. आई ओठ हलवायची. "मला आज दुखत नाही. म्हण." पुन्हा थांबायची. शेवटी शेवटी आईचे ओठही हलेनासे झाले, तरी ताई तेवढीच जागा सोडायची, आणि मगच पुढचं वाक्य. धाकटी हे दारातून बघायची. तिला त्या खोलीचं भय वाटायचं, औषधांच्या वासाचं, आणि सगळ्यात जास्त त्या थांबण्याचं.

आई गेल्यावर ताईची झोप गेली. तिला कुणीतरी सुचवलं, तीच वाक्यं स्वतःसाठी म्हणून बघ. ती कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली, कारण टांगलेले कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात, आणि फोनवर बोलली. धाकटीने ते साफ करून सहज शेअर केलं. बघता बघता लोक जमले. कुणाची मुलाखत होती, कुणाचा नवरा सोडून गेला होता, कुणी नुसतंच एकटं होतं. 'ताई, तुमचा आवाज म्हणजे औषध.' 'ताई, मी माझ्या मांजरालाही ऐकवते, हल्ली ते भांडी पाडत नाही.' दोघी बहिणी कमेंट वाचून लोळून हसायच्या. आई गेल्यानंतर त्या घरात हसू आलं ते या पेजमुळे, हे धाकटी कधी विसरली नाही.

मग ताईची बदली झाली. ती कानांची तपासनीस होती; कमी ऐकू येणाऱ्यांना तपासून यंत्र बसवून द्यायची. तिच्या दुकानाची नवी शाखा दूरच्या शहरात उघडली आणि ताई तिकडे गेली. तिथे कपाटाची गरज नव्हती. दुकानातच तपासणीची केबिन होती, हातभर जाड दाराची, एका खुर्चीची, एका छोट्या काचेची. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. पहिल्याच आठवड्यात ताईने फोनवर सांगितलं होतं, "ससुली, आत बसलं की स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. तू तर पाच मिनिटांत किंचाळत बाहेर येशील." धाकटीला ती ससुली म्हणायची, सशाचं काळीज म्हणून.

तेव्हापासून दुकान उघडायच्या आधी ताई केबिनमध्ये बोलायची आणि क्लिप दोघींच्या फोल्डरमध्ये येऊन पडायची. सुरुवातीला रोज फोनही व्हायचा. मग क्लिप आली की धाकटी अंगठा पाठवायची, ताई बदाम पाठवायची. मग बदाम यायचा बंद झाला. क्लिप मात्र एक दिवस चुकली नाही.

आणि रोज क्लिप येतेय म्हटल्यावर, फोन कशाला करायचा?

३

'ताई, रेकॉर्डिंगच्या वेळी केबिनमध्ये कुणी असतं का गं?' तिने मेसेज टाकला. उत्तर आलं नाही. दुसऱ्या सकाळी क्लिप आली.

"माझ्याजवळ कुणी नाही, तरी मी एकटी नाही."

योगायोग, तिने स्वतःला बजावलं. अशी वाक्यं ताई नेहमीच जुळवते. तू शिकलेली मुलगी आहेस, यंत्र आहे, यंत्रात खरखर येते. तरी पटेना. ताईच्या मूळ क्लिपा फोल्डरमध्ये जशाच्या तशा पडून होत्या, न कापलेल्या. तिने कानाला हेडफोन लावले आणि सुरुवातीपासून ऐकत गेली. इतके दिवस तिने या जागा नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. लव दिसली की कात्री. ऐकत कोण बसतं?

कपाटातल्या क्लिपा घरच्या होत्या. हँगर किणकिणत होते, मागे बाबांचा खोकला, एकदा तर धाकटीचंच ओरडणं, "ताई, झुरळ!" आणि ताईचं फिस्सकन हसणं. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

केबिनमधल्या क्लिपांमध्ये काही म्हणजे काहीच नव्हतं. वाक्य, मग जागा. वाक्य, मग जागा. जागा हळूहळू लांबत गेल्या होत्या. आणि त्या जागांमध्ये, आधी दूर, मग माइकच्या जवळ, कुणीतरी श्वास घेत होतं. पुढच्या क्लिपांमध्ये श्वासाबरोबर ओठ उघडल्याचा बारीक ओला आवाज. त्याच्याही पुढच्या क्लिपांमध्ये कुजबुज, शब्द कळू नयेत इतकी पुसट, पण चाल तीच. ताईचं वाक्य जसं चढलं-उतरलं होतं, तशीच ती कुजबुज चढत-उतरत होती.

कुणीतरी ताईच्या मागून म्हणत होतं.

आई, तिच्या मनात आलं, आणि तिने हेडफोन असे काढले की केस ओढले गेले. खोलीत ऊन होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. आईची खोली आता बाबांची होती. दार उघडं होतं. तिने उठून ते ओढून घेतलं, मग लाज वाटून पुन्हा उघडलं.

आई असेल तर भ्यायचं कशाला, असंही एकदा वाटलं. आपण तेव्हा दारातच उभे राहिलो. ताई अजून तिच्या उशाशी बसलीय, एवढंच.

४

"बाबा, ताईचा फोन आला होता का तुम्हाला?"

"फोन कशाला? रोज बोलते की." बाबांनी चहात बिस्कीट बुडवलं.

"ती क्लिप असते, बाबा."

"आवाज तिचाच ना?"

त्यांचं रोजचं ठरलेलं होतं. चहा समोर ठेवायचा, फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा, आणि क्लिप लावायची. ताई म्हणाली, "मी बरी आहे," की हे म्हणायचे, "शाबास." ताई म्हणाली, "माझं मन हलकं आहे," की हे मान हलवून, "असलंच पाहिजे." धाकटीला याचं हसू यायचं. आज आलं नाही.

"तुम्ही बोलता ते तिला ऐकू जात नाही."

"ठाऊक आहे मला, म्हातारा झालोय, खुळा नाही झालो." त्यांनी फोन पालथा ठेवला. "तुझ्या आईला तरी शेवटी कुठे ऐकू जात होतं? बोलायचं आपलं. मुलगी रोज सकाळी सांगते, मी बरी आहे. बापाने आणखी काय मागायचं?"

"ती माझे फोन उचलत नाहीये."

"कामात असेल. तुला लहानपणापासून सवयच, पान हललं की वाघ आला." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "उचलत नाही म्हणजे? कधीपासून?"

ते तिला सांगता येईना. ती कालपासून लावत होती, पण त्याआधी तिने लावलेलाच कधी होता? दुकानाच्या नंबरावर घंटा वाजून वाजून बंद पडत होती. तिसरा नंबर तिच्याकडे नव्हता. त्या शहरात ताई कुणाबरोबर जेवते, आजारी पडली तर कुणाला हाक मारते, यातलं धाकटीला काही ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते फक्त ताई शांत आहे, सुरक्षित आहे, आणि आजचा दिवस तिचा आहे.

५

दुपारी पेजवर एक कमेंट आली. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'कानसेन' ठेवलं होतं.

'ताई, परवा तुमच्याच दुकानात कानाचं यंत्र बसवून घेतलं! काउंटरवर दुसरे साहेब होते. तुम्हाला काचेतून पाहिलं, पेजवरच्या फोटोवरून लगेच ओळखलं. धाकट्या बहिणीबरोबर केबिनमध्ये होतात म्हणून हाक मारली नाही. एक खुर्चीवर, दुसरी तिच्या कानाशी वाकलेली. किती ती माया! बहीण असावी तर अशी.'

खाली बदामांची रांग लागली होती. 'किती गोड.' 'डोळे भरून आले.' 'माझी बहीण फक्त उसने कपडे न्यायला वाकते.'

धाकटी त्या शहरात कधीच गेली नव्हती.

तिने लिहिलं, 'काका, नक्की दोघी होत्या? काचेत प्रतिबिंब असेल.'

'अहो, कान गेलेत, डोळे शाबूत आहेत,' लगेच उत्तर आलं. 'दोघीच. अगदी एकसारख्या, केस बांधायची पद्धतही तीच. जुळ्या आहात का?'

'फोटोतली खुर्चीवर होती की वाकलेली?'

या वेळी जरा वेळ लागला.

'आता तुम्ही विचारल्यावर घोटाळा होतोय बघा. वाकलेलीचा चेहरा धड दिसला नाही. ती सारखी बोलत होती. खुर्चीवरची गप्प होती, नुसते ओठ हलत होते तिचे. आणि काचेवर आतून वाफ धरली होती, पण एकाच बाजूला, खुर्चीच्या.'

त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं, 'आजचं वाक्य कधी येणार? वाट बघतोय.'

६

मग धाकटीने जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. एक क्लिप उघडली आणि उलटी कापली. डोंगर काढून टाकले, लव ठेवली. सगळी वाक्यं गेली. उरले ते श्वास तिने एकापुढे एक जोडले. मग दुसरी क्लिप, मग तिसरी. कात्री सवयीने चालत होती.

जोडलेले श्वास तिने डोळे मिटून ऐकले.

आईचा श्वास कसा होता ते तिला चांगलं आठवत होतं, दारातून ऐकलेला, जड, घरघरणारा. हा तो नव्हता. हा हलका होता. आत जाताना नाकात बारीक शीळ, मग वर अडखळून क्षणभर थांबणं, आणि एकदम सुटणं. हा श्वास तिने अर्धं बालपण मानेवर झेलला होता. एका अंथरुणात, एका पांघरुणात, भिंतीकडे तोंड करून. अशी शीळ वाजायची ती ताई रडू दाबायची तेव्हा, धाकटीला कळू नये म्हणून.

तो ताईचा श्वास होता. सगळे श्वास ताईचे होते.

तिने घाईघाईने मूळ, न कापलेली क्लिप पुन्हा उघडली आणि या वेळी वाक्यांनाच तेवढा कान दिला. "मी शांत आहे. मी सुरक्षित आहे." आवाज ताईचा, प्रेमळ, कपाळावर हात ठेवल्यासारखा. ती एक वाक्य ऐके, थांबे, कान देई. वाक्याच्या आधी काही नाही. नंतर काही नाही. शब्द संपला की आवाज तिथेच, कापल्यासारखा. पण इथे तर तिने अजून काहीच कापलं नव्हतं. बोलणारीला श्वास नव्हताच. श्वास होता तो मागून म्हणणारीला.

 तिचं मन कारणं शोधत होतं आणि एकही कारण हाताला लागत नव्हतं.

शेवटी तिने कालची क्लिप घेतली. कालचीच, जी तिने काल बाबांच्या चहाआधी साफ करून टाकली होती, आणि जिला इतके बदाम आले होते. शेवटच्या दोन वाक्यांमध्ये लांबलचक जागा होती. तिला आठवलं, ही जागा बघून ती वैतागली होती. ताई हल्ली फार रेंगाळते, तिला सांगायला हवं. तिने आवाज जेवढा वाढेल तेवढा वाढवला.

शीळ. अडखळणं. ओठ उघडले. मागून म्हणायचं वाक्य ताईने म्हटलं नाही. ती जागा तिने वाचवली होती, आणि तिच्यात, कानाशी बोलणारीला कळू नये इतक्या हळू, एकच शब्द ठेवला होता.

"ससुली."

आणि लगेच वरून प्रेमळ आवाजात, "माझ्या आयुष्यात सगळं व्यवस्थित आहे."

७

"बाबा, मी ताईकडे चाललेय."

बाबांनी या वेळी वाघाचं नाव काढलं नाही. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, तिच्यात पाण्याची बाटली घातली, स्वतःचा स्वेटर ठेवला, मग तो काढला, मग पुन्हा ठेवला. "तिच्यासाठी," ते म्हणाले. "ती थंडी सांगत नाही कधी."

जिन्यात ती फोन लावत उतरली. वाजला, वाजला, बंद पडला. रस्त्यावर पुन्हा लावला. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक बाई फोन हातात धरून बसली होती, आणि त्यातून ताईचा आवाज येत होता, संगीतासकट, श्वासाविना. बाईचे ओठ हलत होते. धाकटी तिच्यापाशी थांबली. बंद करा ते, असं म्हणावंसं वाटलं. पण त्या बाईच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि चेहरा नुकताच कुठे शांत होत होता. धाकटी पुढे गेली.

गाडीच्या थांब्यावर तिने पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली. फोनच्या कोपऱ्यात खूण आली, फोल्डरमध्ये नवी क्लिप. आजची सकाळची तर येऊन गेली होती. तिने ती उघडली नाही. उचल, ती पुटपुटत होती, उचल गं, शिव्या दे, डोकं खाऊ नकोस म्हण, काहीही म्हण, पण उचल.

घंटा थांबली. यावेळी बंद पडून थांबली नव्हती. पलीकडे फोन उघडला होता.

रस्त्याचा, गाड्यांचा, माणसांचा सगळा आवाज एका कानात, आणि दुसऱ्या कानात एवढी शांतता की तिला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू आलं.

"ताई?"

शीळ. अडखळणं.

"ससुली," ताई म्हणाली. आवाज फाटलेला होता, वापरून वापरून विरलेल्या कापडासारखा. पेजवर हा आवाज कुणीच ओळखला नसता. "मी बरी नाहीये गं."

"ठाऊक आहे मला. मी निघालेय, ताई. थांब्यावर आहे. तू तिथून उठ, बाहेर ये, रस्त्यावर येऊन उभी राहा, फोन ठेवू नकोस, ऐकतेयस ना?"

"उठवत नाही."

"उठवेल. मी बोलत राहते, तू नुसती दारापर्यंत..."

फोनमध्येच, ताईच्या कानाच्या अगदी जवळून, तोच आवाज बोलला, ताईचाच, ताजा, प्रेमळ, एकाही श्वासाशिवाय.

"मला कुणाची गरज नाही."

आणि थांबला. मागून म्हणता येईल, बरोबर तेवढी जागा सोडून थांबला.

"म्हणू नकोस!" धाकटी भर थांब्यावर ओरडली. माणसं वळून बघायला लागली. "ताई, म्हणू नकोस!"

पलीकडे ताईने श्वास आत घेतला.